सभागृह, मीटिंग रूम आणि वर्गातली एव्ही यंत्रणा: सुरक्षा आणि सेवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या शाळा, दवाखाने, मकरपुरा आणि वाघोडियाकडचे कारखाने, लग्नाचे हॉल, मराठी मंडळांची सभागृहं अशा ठिकाणांहून एव्ही (ऑडिओ-व्हिज्युअल, म्हणजे आवाज आणि चित्राच्या) यंत्रणेबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ग्राहकाच्या बाजूने लिहिली आहेत, पण काम करणाऱ्यांनीही वाचावीत. या धंद्यातली बहुतेक भांडणं कागदावर न लिहिलेल्या गोष्टींवरूनच होतात.

१. एव्ही इंटिग्रेटर म्हणजे नेमकं कोण? दुकानातून प्रोजेक्टर आणून वायरमनकडून लावून घेतला तर काय बिघडतं?

एका वर्गात एक टीव्ही आणि एक एचडीएमआय केबल एवढंच असेल तर काही बिघडत नाही, वायरमन पुरतो. माइक, स्पीकर, कॅमेरा, दोन स्क्रीन आणि टच पॅनल एका खोलीत आले की गोष्ट वेगळी होते. ऑनलाइन मीटिंगमध्ये समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, ही नेहमीची तक्रार घ्या. दोष बहुतेक वेळा डीएसपीमधल्या (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या उपकरणातल्या) प्रतिध्वनी काढण्याच्या सेटिंगमध्ये असतो: समोरून येणारा आवाज त्या भागाला संदर्भ म्हणून दिलेलाच नसतो. माइकवाला म्हणतो कॅमेरा खराब, कॅमेरेवाला म्हणतो नेट स्लो. डिझाइन, वायरिंग, रॅक (उपकरणं बसवायचं कपाट), प्रोग्रामिंग, चाचणी आणि पुढची सेवा या सगळ्याला जो एकटा जबाबदार राहतो, तो इंटिग्रेटर.

२. कोटेशनमध्ये ‘आंतरराष्ट्रीय मानकांनुसार’ लिहिलेलं असतं. कोणती मानकं? ती बंधनकारक आहेत का?

नुसतं तेवढंच लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. मानकाचा क्रमांक मागा. या क्षेत्रातली मुख्य संस्था अविक्सा. २०१७ पर्यंत तिचं नाव इन्फोकॉम होतं. यंत्रणा तपासून ताब्यात देण्यासाठी १०:२०१३, केबलवरच्या लेबलसाठी एफ५०१.०१:२०१५ आणि रॅक बांधणीसाठी एफ५०२.०१:२०१८ ही तिची मानकं नेहमी वापरात येतात. पहिल्यात तपासणीचे १६० मुद्दे आहेत. छोट्या कामाला सगळे लागत नाहीत, पण लागू कोणते हे दोघांनी आधी खुणा करून ठरवायचं.

ही मानकं म्हणजे भारतातला कायदा नव्हे. तुमच्या परचेस ऑर्डरमध्ये क्रमांकासह आली की ती करारापुरती बांधील होतात. विजेच्या कामाला वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ लिहा. आयएसओ ९००१ (गुणवत्ता) किंवा २७००१ (माहितीची सुरक्षा) हे प्रमाणपत्र त्या कंपनीच्या कार्यपद्धतीबद्दल असतं, तुमच्या हॉलबद्दल नाही. त्यावर कोणती शाखा आणि कोणतं काम लिहिलंय तेही वाचा. सीटीएस हे अविक्साचं प्रमाणपत्र माणसाचं असतं, म्हणून तुमच्या साइटवर येणाऱ्या माणसाकडे ते आहे का, हे विचारावं.

३. हँडओव्हरच्या दिवशी काय काय तपासायचं?

तयारीचं प्रात्यक्षिक बघून सही करू नका. स्वतःचा लॅपटॉप न्या, शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. प्रत्येक इनपुटला लावा, काढा, पुन्हा लावा. चित्र यायला वीस-वीस सेकंद लागत असतील किंवा रेझोल्यूशन भलतंच येत असेल, तर ईडीआयडीचं (पडदा आपलं रेझोल्यूशन लॅपटॉपला कळवतो त्या माहितीचं) सेटिंग नीट झालेलं नाही. लॅपटॉपची स्क्रीन दिसते पण ओटीटीवरचा व्हिडिओ काळा पडतो, तर मधल्या एखाद्या स्विचरचं (इनपुट बदलणाऱ्या उपकरणाचं) एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, जुळत नाही.

मग हॉलचा मेन स्विच बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा. कोणी रॅकला हात न लावता सगळं उठलं पाहिजे. बरेच रॅक इथे नापास होतात, कारण नेटवर्क स्विच उठायच्या आत बाकीची उपकरणं नेटवर्कवरचा आयपी पत्ता मागून बसतात आणि पत्त्याविना राहतात. क्रमाने वीज देणारा सिक्वेन्सर नीट लावला की हे सुटतं.

प्रोजेक्टर असेल तर कॉन्ट्रास्ट (पडद्यावरच्या पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) मोजायला लावा. अविक्साच्या मानकात नुसतं बघण्यासाठी ७:१, वाचून निर्णय घेण्यासाठी १५:१, बारीक आकृत्या तपासण्यासाठी ५०:१ आणि चित्रपटासाठी ८०:१ हे किमान आकडे आहेत. समजा प्रोजेक्टरचा पांढरा उजेड पडद्यावर ९०० लक्स (उजेडाचं माप) आहे आणि दिवे-खिडक्यांमुळे पडद्यावर आधीच १०० लक्स पडतात. काळ्या चित्रातही प्रोजेक्टर जो थोडा उजेड सोडतो तो बाजूला ठेवला तरी प्रमाण १०००:१०० म्हणजे १०:१ भरतं, मीटिंग रूमला अपुरं. पडद्याजवळची दिव्यांची एक रांग वेगळ्या स्विचवर घेऊन ४० लक्सवर आणलं की ९४०:४०, म्हणजे २३:१च्या पुढे. जास्त ल्युमेनचा प्रोजेक्टर घेण्याआधी हा स्विच करून बघा.

शेवटी कागद: प्रत्यक्ष केलेल्या कामाचा नकाशा, केबलची यादी, प्रत्येक उपकरणाचा सीरियल नंबर, आयपी पत्ता, फर्मवेअरची (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती. पासवर्ड आणि फाइलींसाठी प्रश्न ६ पाहा.

४. आमच्या प्रोजेक्टरला कोण हॅक करणार? आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

प्रोजेक्टर हवा म्हणून कोणी येत नाही. आपोआप फिरणारे प्रोग्राम उघडी उपकरणं शोधत असतात. २०१६ मधल्या मिराई नावाच्या अशाच प्रोग्रामने कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर कंपनीतून आलेल्या मूळ पासवर्डनेच उघडले; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशा उपकरणांच्या फौजेने वेबसाइटची नावं पत्त्यांशी जोडून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. त्याआधी २०१२ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीचे एच. डी. मूर यांनी दाखवलं होतं की इंटरनेटवर थेट जोडलेल्या हजारो व्हिडिओ कॉन्फरन्स यंत्रणा आलेला कॉल आपोआप उचलतात. बोर्डरूममधलं बोलणं ऐकायला, कॅमेरा फिरवून टेबलावरचे कागद बघायला पासवर्ड फोडायचीही गरज नव्हती.

तुमच्या संस्थेत दुसरा धोका जास्त खरा आहे. एव्हीचं एखादं ढिलं उपकरण हिशेबाच्या किंवा रुग्णांच्या नोंदींच्या संगणकांबरोबर एकाच नेटवर्कवर बसलेलं असतं आणि बाहेरच्याला आत शिरायला तेवढं पुरतं.

५. आयटीवाले म्हणतात ‘तुमचं सामान आमच्या नेटवर्कवर नको’. एव्हीवाला म्हणतो वेगळं नेटवर्क केलं तर चालणार नाही. कोणाचं बरोबर?

दोघांचंही थोडं थोडं. उपाय म्हणजे त्याच स्विचवर एव्हीसाठी वेगळा व्हीलॅन (एकाच नेटवर्कमध्ये पाडलेला स्वतंत्र कप्पा) आणि त्यातून बाहेर जाणाऱ्या वाटांची लेखी यादी. ती यादी इंटिग्रेटरने द्यायची: कोणतं उपकरण, कोणाशी, कोणत्या पोर्टवर (क्रमांक दिलेल्या वाटेवर) बोलणार. ‘सगळे पोर्ट उघडा’ असं उत्तर आलं तर त्याने मॅन्युअल उघडलेलं नाही असं समजा.

नंतर येणाऱ्या अडचणी ठरलेल्या आहेत. पहिली, मोबाइलवरून स्क्रीन कास्ट करायला गेलं की उपकरण दिसतच नाही. शोध घेणारा एमडीएनएस संदेश व्हीलॅन ओलांडत नाही, म्हणून राउटरवर त्याचा गेटवे चालू करावा लागतो किंवा पडद्यावर आयपी पत्ता दाखवून तो टाइप करायला सांगावा लागतो. दुसरी, डांटेसारखा नेटवर्कवरचा ऑडिओ मधूनच टक-टक करतो किंवा क्षणभर गायब होतो. अशा वेळी स्विचवरची वीज वाचवणारी ग्रीन इथरनेट सुविधा आधी बंद करा. मग प्राधान्यक्रम बघा: उपकरणांची वेळ जुळवणाऱ्या घड्याळाच्या पॅकेटला डीएससीपी (प्राधान्याचा क्रमांक) ५६, आवाजाला ४६. मल्टिकास्ट (एकच प्रवाह एका वेळी अनेक उपकरणांना) वापरात असेल तर आयजीएमपी स्नूपिंग (मागणाऱ्या पोर्टलाच प्रवाह देणारी स्विचची सोय) चालू हवं आणि त्या व्हीलॅनमध्ये कोणाला काय हवं ते विचारत राहणारा एक क्वेरियरही हवा. क्वेरियर नसेल तर सगळं काही मिनिटं छान चालतं आणि मग बंद पडतं. एव्हीवाला आयटीला, आयटी एव्हीला दोष देत राहतो, आणि खरं कारण हे एक सेटिंग असतं.

तुमच्याकडे ८०२.१एक्स (जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाची ओळख तपासणारी पद्धत) असेल आणि जुना ॲम्प्लिफायर किंवा पॅनल ते पाळत नसेल, तर मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकावर) परवानगी देता येते. मॅक पत्ता नकलता येतो, म्हणून त्या पोर्टला फक्त एव्ही व्हीलॅनच द्या.

६. पासवर्ड आणि प्रोग्रामची फाइल कोणाची?

पैसे तुम्ही दिलेत, पण करारात लिहिलं नसेल तर इथेच अडकायला होतं. टच पॅनल आणि कंट्रोलरमध्ये जी फाइल चढवलेली असते ती बहुतेक वेळा कंपाइल केलेली, म्हणजे फक्त यंत्राला वाचता येणारी, असते. तिच्यावरून बटणाचं नावसुद्धा बदलता येत नाही. बदलासाठी मूळ सोर्स फाइल लागते. ऑर्डरमध्येच लिहा: कंट्रोलची सोर्स फाइल, टच पॅनलची डिझाइन फाइल, डीएसपीची फाइल, स्विचचं कॉन्फिगरेशन आणि सगळे ॲडमिन पासवर्ड शेवटच्या हप्त्याआधी ताब्यात मिळतील. शेवटचा हप्ता १० टक्के तरी ठेवा. एखादा इंटिग्रेटर स्वतःचे तयार मॉड्यूल द्यायला नकार देतो, ते वाजवी आहे. मग निदान ‘या जागेसाठी वापरण्याचा आणि दुसऱ्याकडून बदल करून घेण्याचा हक्क’ लिहून घ्या.

पासवर्ड प्रत्येक उपकरणाला वेगळा, निदान १४ अक्षरी. इंटिग्रेटर सगळ्या ग्राहकांकडे एकच ठेवत असेल तर त्याच्याकडचा सोडून गेलेला प्रत्येक मुलगा तुमच्या हॉलची किल्ली घेऊन गेलेला आहे. यादी पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा सीलबंद पाकिटात, संस्थेतल्या दोघांकडे. रॅकच्या दाराच्या आत चिकटवलेला कागद चालणार नाही.

त्याच वेळी टेलनेट (पोर्ट २३), एफटीपी (२१) आणि साधं एचटीटीपी (८०) बंद करून मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या एसएसएच आणि एचटीटीपीएसवर जा, एसएनएमपीचा (उपकरणांवर दुरून नजर ठेवायच्या पद्धतीचा) ‘पब्लिक’ हा मूळ परवलीचा शब्द बदला, कॉलचं ऑटो-आन्सर बंद करा, कास्टिंगला दर वेळी बदलणारा पिन लावा, टच पॅनलच्या सेटिंग पानाला कुलूप घाला. पोडियमवरचा मोकळा लॅन पॉइंटही विसरू नका.

७. सेवा लवकर मिळावी म्हणून रॅकमधल्या संगणकावर एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचा प्रोग्राम) कायम चालू ठेवू का?

नको. काम असेल तेव्हा तुमच्या माणसाने चालू करावं, काम संपलं की बंद करावं. वारंवार गरज पडत असेल तर तुमच्या फायरवॉलवर व्हीपीएन (बाहेरून आत यायची बंदिस्त वाट) द्या, प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतःच्या नावाचं खातं आणि मोबाइलवरचा दुसरा कोड. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून कंट्रोलर थेट इंटरनेटवर उघडणं कुठल्याही सबबीवर मान्य करू नका.

८. सर्ट-इनचे नियम आम्हालाही लागू होतात का?

सर्ट-इन ही सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था. तिचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, सरकारी संस्था यांच्याबरोबर ‘बॉडी कॉर्पोरेट’लाही लागू आहेत, म्हणजे कंपनी किंवा फर्म असाल तर हो. ट्रस्ट किंवा मंडळाने आपल्या सल्लागाराकडून एकदा खात्री करून घ्यावी. सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग (उपकरणांनी ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस जपायचे आणि उपकरणांची घड्याळं ठरवून दिलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवायची. एव्हीत घड्याळाकडे कोणी बघत नाही. कित्येक उपकरणांत तारीख १ जानेवारीच असते आणि मग लॉग असून नसल्यासारखा.

म्हणून सेवा करारात घाला की असं काही दिसलं तर इंटिग्रेटर तुम्हाला दोन तासांत फोन आणि मेल करील. त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तुमचे ६ तास घरंगळून जातील. सीसीटीव्ही घेत असाल तर एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या आवश्यक अटींवरची चाचणी लागते. मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.

९. एएमसी आणि सीएमसी यांत फरक काय? दर तीन महिन्यांनी येणारा माणूस करतो तरी काय?

एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, सीएमसी म्हणजे सर्वसमावेशक करार. एएमसीत श्रम, सीएमसीत श्रम आणि सुटे भाग. सीएमसीतही लॅम्प, बॅटरी, फिल्टर, केबल आणि व्होल्टेजने जळलेला माल बहुधा वगळलेला असतो. वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा, किंमत नंतर.

‘व्हिजिट झाली’ अशा सहीला किंमत नाही. तीन महिन्यांच्या भेटीत निदान इतकं व्हावं: प्रोजेक्टरचा फिल्टर आणि रॅकचे पंखे साफ, रॅकच्या वरच्या भागातलं तापमान लिहिलेलं, प्रत्येक माइक सगळ्या जागांवरून बोलून पाहिलेला, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजलेलं (२ व्होल्टच्या आत असावं), एक खरा कॉल लावून प्रतिध्वनी तपासलेला, कॉन्फिगरेशनचा ताजा बॅकअप तुमच्याकडे दिलेला आणि फर्मवेअरच्या सुरक्षा सूचना पाहिलेल्या. यूपीएस मेन बंद करून घड्याळ लावून तपासायचा. नुसता दिवा हिरवा आहे म्हणून पुढे जायचं नाही. सीलबंद बॅटरी ३ ते ५ वर्षं टिकते, पण २५ अंशांच्या वर साधारण दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेला यूपीएस दोनच वर्षांत हात टेकतो तो यामुळे.

१०. करारात ‘४ तासांत सेवा’ आहे. माणूस येतो, बघतो, ‘पार्ट मागवतो’ म्हणून जातो. तक्रार करता येते का?

करारात प्रतिसादाची वेळ लिहिली असेल तर त्याने ती पाळली. तुम्हाला हवी आहे खोली पुन्हा चालू होण्याची वेळ, आणि ती वेगळी लिहावी लागते. सभागृह पूर्ण बंद असेल तर ४ तासांत पोचणं आणि ८ कामाच्या तासांत निदान तात्पुरती सोय. एक माइक बंद असेल तर पुढचा कामाचा दिवस. रंग थोडा पिवळा दिसतो तर पुढची ठरलेली भेट. तात्पुरती सोय म्हणजे काय तेही लिहा, उदाहरणार्थ बदली प्रोजेक्टर. ज्याशिवाय खोली चालत नाही ते एकेक उपकरण राखीव म्हणून बडोद्यातच ठेवायला सांगा.

‘९९ टक्के चालू’ या आकड्याचा हिशेब कसा धरलाय ते बघा. महिन्याचे ७२० तास धरले तर ७ तास १२ मिनिटं बंद चालतं, आणि ती सगळी तुमच्या कामाच्या वेळेत येऊ शकतात. २६ दिवस, रोज ९ तास असे २३४ तास धरले तर फक्त २ तास २० मिनिटं.

एक स्थानिक बाब: नवरात्रीत शहरातला साउंडचा झाडून सारा माणूस गरब्याच्या मैदानावर असतो. त्या नऊ रात्रींत आणि गणपतीच्या दिवसांत कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर आधीच लेखी घ्या.

११. स्पीकरमधून सतत ‘हं’ असा आवाज येतो. हे वॉरंटीत बसतं का?

आधी शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबला तर दोष दोन अर्थिंगमधल्या फरकाचा आहे. त्या ऑडिओ लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला की जातो. एकेक इनपुट काढून पाहा. कशानेच फरक पडत नसेल तर ॲम्प्लिफायर आणि मिक्सर वेगवेगळ्या फेजवर किंवा वेगवेगळ्या अर्थिंगवर आहेत का ते बघायला लावा. इंटिग्रेटरच्या वायरिंगमुळे असेल तर वॉरंटीत, इमारतीच्या अर्थिंगमुळे असेल तर नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी अर्थिंगचं मोजमाप दोघांच्या सहीने नोंदवून ठेवा.

प्लगची अर्थची पिन काढून आवाज बंद करणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवा. माइक हातात धरलेल्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो.

१२. विश्वामित्रीचं पाणी शिरलं आणि रॅक भिजला. सीएमसीत मिळेल का?

नाही. पूर ही जवळपास प्रत्येक करारातली वगळलेली गोष्ट; त्यासाठी विमा लागतो. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४चं पाणी पाहिलेल्या शहरात रॅक तळघरात ठेवू नये, आणि तळमजल्यावर ठेवलाच तर तुमच्या इमारतीतल्या त्या वेळच्या पाण्याच्या खुणेच्या वर ठेवावा. जमिनीतल्या फ्लोअर बॉक्सला वेगळा ब्रेकर द्या, म्हणजे पाणी येताना तेवढाच भाग बंद करता येईल.

भिजलेलं उपकरण ‘चालतंय का बघू’ म्हणून चालू करू नका. गाळ वाळल्यावरही वीज वाहून नेतो आणि दुरुस्त होण्यासारखा बोर्डही जळतो. मेन बंद, यूपीएसची बॅटरी जाणकाराकडून सुटी, हलवण्याआधी सीरियल नंबरसकट फोटो, मग विमा कंपनीला खबर. कॉन्फिगरेशनचा बॅकअप त्याच रॅकमधल्या संगणकावर असेल तर तोही गेला; एक प्रत इमारतीबाहेर हवी.

१३. इंटिग्रेटर बदलायचाय, किंवा त्याने धंदाच बंद केला. कुठून सुरुवात?

प्रश्न ६ मधल्या फाइली हातात असतील तर काम सोपं: नव्या माणसाकडून पाहणी, त्याच दिवशी सगळे पासवर्ड आणि व्हीपीएन खाती बदल. फाइली नसतील तर कोणालाही फॅक्टरी रीसेट करू देऊ नका. पासवर्ड निघेल, पण प्रोग्रामही पुसला जाईल. आधी डीएसपी आणि स्विचमधून जे वाचून घेता येईल ते घ्या, टच पॅनलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, मग ठरवा.

हल्ली एक नवी अडचण वाढली आहे. उपकरणं निर्मात्याच्या क्लाउड पोर्टलवर इंटिग्रेटरच्या मेल पत्त्याने नोंदवलेली असतात. ती सोडवल्याशिवाय दुसऱ्याला जोडता येत नाहीत, आणि जुन्या माणसाला घरबसल्या तुमची खोली दिसत राहते. निर्मात्याला खरेदीचं बिल आणि सीरियल नंबर पाठवून मालकी बदलून मागता येते, त्यात दिवस जातात. नव्या कामात पोर्टलचं खातं पहिल्या दिवसापासून संस्थेच्या मेलवर उघडा. इंटिग्रेटरला त्यात पाहुणा म्हणून घ्या.

१४. कार्यक्रमाला बाहेरचा साउंडवाला आपल्या सिस्टिमला जोडून घेतो. परवानगी द्यावी का?

द्यावी, ठरवून दिलेल्या एकाच जागी: स्टेजवर आयसोलेटेड ऑडिओ इनपुट आणि एक एचडीएमआय. रॅक उघडायचा नाही, नेटवर्कच्या पोर्टला केबल लावायची नाही, पेन ड्राइव्ह रॅकमधल्या संगणकात घालायचा नाही. कार्यक्रमानंतर डीएसपीचा मूळ प्रीसेट परत चढवा.

१५. गोपनीय बैठक आहे. माइक म्यूट केला की पुरे ना?

टच पॅनलवरचं म्यूट हे प्रोग्राममधलं म्यूट. दिवा लाल झाला तरी माइक डीएसपीपर्यंत आवाज पोचवतच असतो. अशा खोलीत कॅमेऱ्याला झाकण आणि माइकची वीजच तोडणारा स्विच बसवून घ्या. जुना ॲनालॉग वायरलेस माइक त्याच फ्रिक्वेन्सीच्या रिसीव्हरवर बाहेर गाडीत बसूनही ऐकता येतो. डिजिटल माइकमध्ये एईएस-२५६ (आवाज सांकेतिक करणारी पद्धत) असेल तरी ते बऱ्याचदा चालू करावं लागतं, आपोआप नसतं. बैठक संपल्यावर इंटरॲक्टिव्ह पॅनलमध्ये फळ्यावर लिहिलेलं आणि उघडलेल्या फाइली उरतात. बाहेर पडताना ‘एंड सेशन’ दाबायची जबाबदारी एका नावानिशी माणसाला द्या, आणि पॅनल १५ मिनिटं पडून राहिला तर स्वतःच सगळं पुसेल असं सेटिंग करून घ्या.